शिवणीतील माया
(घरी मऊ खेळणी करणाऱ्या भगिनींसाठी)

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पुष्कळ उद्योग आरंभून एकही तडीस न नेणाऱ्या माणसाला ती ऐकविली जाते. परंतु बऱ्हाणपुरासारख्या कापडाच्या गावाभोवती राहणाऱ्यांनी या म्हणीचा दुसऱ्या बाजूनेही विचार करावा. भाराभर चिंध्यांतून एक तरी धड वस्तू उभी करता आली, तर चिंधी ही चिंधी राहत नाही. ती घराचे मीठमिरची होते, कधी मुलाच्या शाळेची फी होते. आज ज्या लहानशा उद्योगाविषयी आम्ही लिहीत आहोत तो असाच आहे. मुलाने उराशी धरावे असे कापडाचे मऊ अस्वल घरी शिवण्याचा हा उद्योग. शहरात त्याला ‘टेडी बेअर’ म्हणतात. आता खेड्यांतील मुलेही त्याच नावाने ते मागतात.

बऱ्हाणपूरला कापड नवे नाही. तापीकाठच्या या नगरीत सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच प्रवासी येऊन गेला. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड येथवर जाते, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात केली आहे. आज हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली आहे. त्यांची खटखट शहराच्या वस्त्यांत अहोरात्र चालते, आणि कापड आले की कातरणही आलेच. शिंप्याच्या दुकानात, तयार कपड्यांच्या कारखान्यात, मागाच्या शेडमध्ये जे तुकडे पडतात, ते वजनावर विकले जातात किंवा फेकून दिले जातात. आपल्या आज्या-पणज्यांनी अशाच तुकड्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि घरातल्या मुलींना चिंध्यांच्या बाहुल्या करून दिल्या. म्हणजे कापड, कातरण व हाताची कला ही तिन्ही आपल्या घरी आधीपासून आहेत.

तरीही हा उद्योग पुष्कळ घरी सुरू होतो आणि लवकरच बंद पडतो. पहिले अस्वल हौसेने शिवले जाते व भाच्याला दिले जाते. दुसरे ओळखीची बाई विकत घेते. तिसऱ्याच्या वेळी मन खचते. कोणी म्हणते, ‘माझे अस्वल वाकडेच होते.’ कोणी म्हणते, ‘बाजारात यंत्रावरचे अस्वल इतके स्वस्त मिळते, माझे कोण घेणार?’ आणि कोणी म्हणते, ‘दोन दिवस डोळे फोडले, हाती काय आले? कापडाचे पैसेसुद्धा सुटले नाहीत.’ माग बंद पडल्यामुळे ज्या घरात आधीच ओढाताण आहे, तेथे हा शेवटचा प्रश्न साधा नसतो. आम्ही तो हलका लेखीत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : घरच्या अस्वलाने बाजारच्या अस्वलाशी स्वस्ताईची शर्यत लावू नये, कारण तीत ते हरणारच. त्याने विश्वासाच्या जोरावर पुढे जावे. हे अस्वल मुलाच्या हाती निर्धास्तपणे द्यावे, ते लवकर उसवणार नाही, आणि उसवलेच तर शिवून देणारी बाई याच गावात आहे, असा भरवसा ज्या वस्तूबरोबर मिळतो, तिला योग्य दाम देणारी माणसे असतात. हा भरवसा शब्दांनी मिळत नाही. तो टाक्याटाक्याने मिळवावा लागतो.

अस्वल आले कोठून?

या खेळण्याचा जन्म सन १९०२ च्या सुमाराचा आहे, आणि एकाच काळात तो दोन ठिकाणी झाला. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपी राज्यात शिकारीस गेले होते. बरोबरच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधले व ‘गोळी घाला’ असे त्यांस सांगितले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्यास रूझवेल्ट यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी या प्रसंगावर काढलेले व्यंगचित्र वर्तमानपत्रात छापून आले. ते पाहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मिठाईचे लहान दुकान चालविणारे मॉरिस मिश्टम व त्यांची पत्नी रोझ यांनी एक कापडी अस्वल तयार करून दुकानात मांडले. अध्यक्षांचे लाडके नाव ‘टेडी’. तेच या अस्वलाला चिकटले. हे दांपत्य रशियातून आलेले निर्वासित होते. त्यांचा उद्योग पुढे मोठ्या कारखान्यास पोहोचला, परंतु त्याचा आरंभ घरातील सुईदोऱ्यापासून झाला.

दुसरी हकीकत जर्मनीची आहे, आणि ती आमच्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. मार्गारेट श्टाइफ यांचा जन्म १८४७ साली गिंगेन या लहान गावी झाला. दीड वर्षाची असताना त्या मुलीला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजवा हातही अधू झाला. चाकाच्या खुर्चीत बसून ती शिवण शिकली. उजव्या हाताने शिवणयंत्राचे चाक फिरविता येईना, म्हणून तिने यंत्र उलटे फिरवून घेतले आणि डाव्या हाताने चाक चालविले. १८८० च्या सुमारास तिने सुया टोचून ठेवण्यासाठी नमद्याचे लहान हत्ती केले. परंतु सुयांऐवजी मुलांनीच त्या हत्तींचा ताबा घेतला. तेव्हा तिने खेळणीच करावयास घेतली. पुढे तिचा पुतण्या रिखार्ट याने हातपाय हलणाऱ्या अस्वलाचा नमुना काढला. १९०३ साली लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्या अस्वलांचे ३००० नग मागविले, आणि १९०७ या एका वर्षात त्यांच्या कारखान्यातून ९,७४,००० अस्वले बाहेर पडली. १९०४ पासून या मंडळींनी आपल्या प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचे एक बटण बसविण्यास प्रारंभ केला. नकली माल ओळखू यावा हा त्यामागील हेतू होता. ‘हा माल आमचा आहे, त्याबद्दल आम्ही उत्तर देऊ’ असे ते बटण गिऱ्हाइकास सांगत असे. मुलांच्या हाती जावयाचे ते उत्तमच असले पाहिजे, हा मार्गारेटचा बाणा होता.

पोलिओने काय होते हे आपल्या खेड्यांतील वडील पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. अशी मुलगी ‘माझ्याने होणार नाही’ असे म्हणाली असती तर कोणीही तिला दोष दिला नसता.

आपल्याच राज्यातील उदाहरण

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या मध्य प्रदेशातच, पश्चिमेकडील झाबुआ जिल्ह्यात, कापडाच्या बाहुल्या करण्याची कला नावारूपास आली आहे. भिल्ल-भिलाला स्त्रीपुरुषांची जोडी, अंगावर त्यांचाच पोशाख व दागिने, पुरुषाच्या हाती धनुष्यबाण, स्त्रीच्या डोक्यावर टोपली, असे या बाहुल्यांचे रूप असते. त्या करणारे रमेश परमार व शांती परमार या पतिपत्नीस भारत सरकारने २०२३ साली पद्मश्री देऊन गौरविले. शिवणटिपण हे बायकांचेच काम, असे म्हणून जे बंधू दूर उभे राहतात, त्यांनी या जोडप्यातील पतीकडे अवश्य पाहावे.

या उदाहरणात आम्हांस एक गोष्ट मोलाची वाटते. परमार दांपत्याने परदेशी बाहुलीची नक्कल केली नाही. जे लोक भोवती दिसतात, त्यांनाच त्यांनी कापडात उभे केले. आपणही तसे करू शकतो. आपल्या सातपुड्याच्या डोंगरात अस्वल आहे. ते तपकिरी नाही, काळे व झिपरे आहे. त्याचे मुस्कट फिकट असते, छातीवर पांढुरकी खूण असते, मोहाची फुले, मध व वाळवी हे त्याचे आवडते खाद्य. या जातीची मादी आपल्या पिलांना पाठीवर घेऊन हिंडते. काळे अस्वल, छातीवर पांढऱ्या कापडाची चंद्रकोर आणि पाठीवर टाक्यांनी पक्के बसविलेले एक इवले पिलू, असे खेळणे कोणत्या परदेशी कारखान्यातून येणार? आपल्या जिल्ह्यात केळीच्या सोपटापासून धागा काढून भगिनी टोप्या व शोभेच्या वस्तू करू लागल्या आहेत. त्याच धाग्याची लहानशी टोपी मोठ्या मुलांच्या अस्वलाला शोभून दिसेल. मात्र तो धागा जाडाभरडा असल्यामुळे तान्ह्या मुलांच्या खेळण्यात तो वापरू नये.

कापड आणि भरण

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आरंभी महागाचे झिपरे कापड आणू नये. जुना पण धडका टॉवेल, जाड सुती कापड किंवा फ्लॅनेल यावर हात बसवावा. मागावरचे कोरे कापड असेल तर त्यात खळ असते; ते कोमट पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच बेतावे. असे न केल्यास पहिल्या धुण्यातच अस्वल आटते व शिवण आक्रसते. रंग पक्का आहे की नाही हे पाहण्यासाठी पांढरे ओले फडके कापडावर जोराने घासावे. फडक्याला रंग लागला तर ते कापड मुलाच्या खेळण्यास नालायक समजावे, कारण मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते.

भरणासाठी बाजारात ज्याला रेक्रॉन म्हणतात तो पॉलिएस्टरचा तंतू सोयीचा. तो धुता येतो व लवकर वाळतो. कापूस किंवा सावरीचा कापूस मऊ खरा, परंतु धुतल्यावर त्याचे गोळे होतात व आत ओल राहते. कारखान्यातील झाडलोट किंवा कोणाच्या जुन्या गादीतील कापूस स्वस्त मिळतो म्हणून कधीही भरू नये. त्यात धूळ, कीड, मोडकी सुई वा तारेचा तुकडा काय असेल ते सांगता येत नाही.

बेतणे आणि शिवणे

नमुना जुन्या कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्यावर काढून ठेवावा. प्रत्येक तुकड्यावर त्याचे नाव, किती नग कापावयाचे ती संख्या आणि कापडाची लव कोणत्या दिशेस जाईल त्याचा बाण लिहावा. डाव्या व उजव्या अंगाचे तुकडे कापताना पुठ्ठा पालथा घालावा लागतो. हे विसरल्याने दोन्ही हात एकाच बाजूचे होतात आणि कापड फुकट जाते. लव असलेले कापड घडी घालून कापू नये. पाठीमागून खडूने आखून, कातरीच्या टोकाने फक्त मागचे विणलेले कापड कापीत जावे. लव कापली गेली तर शिवणीवर टक्कल पडते.

कडेला पाव इंच जास्त कापड सोडावे. शिवणकामात या सोडलेल्या कापडाला आपण ‘माया’ म्हणतो. किती यथार्थ शब्द आहे! ही माया बाहेरून दिसत नाही, परंतु तीच शिवण धरून ठेवते. कापड वाचविण्यासाठी जी बाई माया कमी ठेवते, तिची शिवण मुलाने हात ओढताच निसटते. कापडाची काटकसर अन्यत्र करावी. मायेत करू नये.

हाताने शिवणाऱ्यांनी धावदोऱ्यावर भागवू नये. धावदोरा हा कच्च्या शिवणीसाठी. पक्क्या शिवणीस बारीक उलटी टीप घालावी, दोरा दुहेरी व चांगल्या पिळाचा घ्यावा. यंत्रावर शिवणाऱ्यांनी टाका लहान ठेवून प्रत्येक शिवणीवर दोनदा टीप मारावी. काख, मान व जांघ या तीन जागी ताण अधिक बसतो. तेथे तिसरी टीपही चालेल. वळणावर मायेला कातरीने बारीक खाचा द्याव्यात, पण त्या टिपेपर्यंत नेऊ नयेत. पाठीवर दोन-अडीच इंच जागा उघडी ठेवून कापड उलटावे. शिवणीत अडकलेली लव बोथट सुईने बाहेर काढली की सांधा दिसेनासा होतो.

भरताना मोठा गोळा कोंबू नये. चिमटीएवढा भराव घेऊन आधी नाकाचे टोक, मग गाल, मग कपाळ. तसेच हातापायांच्या टोकांपासून आत यावे. पेन्सिलीचे बोथट टोक यास पुरे. दोन्ही हातांत व दोन्ही पायांत सारखे भरण जावे म्हणून ते घरच्या लहान काट्यावर तोलून घ्यावे. वाकड्या अस्वलाच्या निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. मान घट्ट भरावी, नाही तर आठ दिवसांत डोके लटकते. शेवटी पाठ मिटताना सुई एकदा या कडेच्या आतून, एकदा त्या कडेच्या आतून अशी न्यावी व दोरा हलकेच ओढावा. दोन्ही कडा आत वळून मिटतात व टाका दिसत नाही.

चेहरा

अस्वलाचा जीव त्याच्या चेहऱ्यात असतो. डोळे, नाक व कान यांच्या जागा आधी रंगीत डोक्याच्या टाचण्या लावून ठरवाव्यात, मग हातभर दूर ठेवून पाहावे. डोळे वर व जवळजवळ आले तर अस्वल रागीट दिसते. जरा खाली व दूरदूर आले तर ते बाळासारखे दिसते. कान चपटे न लावता किंचित वाकवून लावावेत. नाक भरतकामाने भरावे, तोंड दोन टाक्यांत काढावे. घाई असेल त्या दिवशी चेहरा करू नये. दुसरे दिवशी सकाळच्या उजेडात ताज्या डोळ्यांनी तो करावा, हे अनुभवी हातांचे मत आहे.

मुलाच्या जिवाची काळजी

येथवर जे सांगितले त्यात चूक झाली तर कापड फुकट जाईल. यापुढे सांगतो त्यात चूक झाली तर मूल धोक्यात येईल. म्हणून हा भाग आमच्या भगिनींनी दोनदा वाचावा.

तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याला बटणे, मणी, टिकल्या, घुंगरू यांपैकी काहीही लावू नये. डोळे भरतकामानेच काढावेत. मुलाच्या घशात अडकेल एवढी वस्तू ओळखण्यासाठी तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर रुंद तोंडाची नळी वापरतात. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याची रुंदी २७ मिलिमीटर असते. म्हणजे त्या नाण्याहून थोडी मोठी वस्तूसुद्धा लहान मुलासाठी घातक ठरू शकते. गळ्याभोवती लांब फीत बांधू नये. बांधायचीच तर आखूड घेऊन सर्व बाजूंनी टाक्यांनी पक्की करावी.

टाचण्या व सुया कामाला बसताना मोजाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात. एक जरी कमी भरली तर ती सापडेपर्यंत ते अस्वल घराबाहेर जाऊ देऊ नये. प्रसंगी शिवण उसवावी. शेवटी प्रत्येक अस्वल दोन्ही हातांनी सर्व अंगावर दाबून पाहावे, आणि कान, हात, पाय, नाक ही एकेक करून पूर्ण ताकदीने ओढावीत. आपल्या हाताने जे तुटते ते मुलाच्या दातांनी तुटणारच. एक वर्षाच्या आतील बालकाच्या झोपण्याच्या जागी मऊ खेळणी ठेवू नयेत, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. तान्ह्या बाळासाठी अस्वल घेणाऱ्या मातेस आपण हे आपणहून सांगावे. अशाने विक्री कमी होईल, असे भय वाटेल. उलट ती माता पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही.

दाम कसे ठरवावे?

आमच्या भगिनी कापडाचा हिशेब ठेवतात, आपल्या वेळेचा ठेवीत नाहीत. ‘घरी बसल्या बसल्या केले’ असे म्हणून त्या आपली मजुरी आपणच शून्य करून टाकतात. एक उदाहरण घेऊ. समजा, एका अस्वलास कापड ७० रुपयांचे, भरण ४० रुपयांचे, दोरा व भरतकामाचे रेशीम १० रुपयांचे, पिशवी व चिठ्ठी १० रुपयांची लागली. हे झाले १३० रुपये. काम पाच तासांचे. तासाला ५० रुपये धरले तर मजुरी २५० रुपये. यंत्राचे तेल, सुया, वीज, एखादे फसलेले अस्वल यांसाठी २० रुपये. एकूण ४०० रुपये. हे आकडे प्रत्येकीने आपल्या घरचे घालावेत; पण मजुरीचे घर रिकामे ठेवू नये.

कोणी म्हणेल, इतके दाम कोण देईल? आरंभी थोडेच देतील. म्हणून आरंभी थोडीच अस्वले करावीत. दाम कमी करावयाचे झाल्यास अस्वल लहान करावे, नमुना सोपा करावा, चार भगिनींनी मिळून कापड व भरण एकगठ्ठा आणावे. टीप कमी करून दाम कमी करू नये. पाच तासांचे काम हात बसल्यावर चारांत होऊ लागते, तेव्हा तो वाचलेला तास ही तुमचीच कमाई होय. मिळालेल्या पैशांतून पुढच्या कापडाचे पैसे आधी बाजूला काढावेत. नाही तर भांडवल चुलीत जाते आणि उद्योग उधारीवर येतो.

एकटीने सर्व करण्यापेक्षा बचत गटातील तिघी-चौघींनी काम वाटून घ्यावे. जिची कातर सरळ चालते तिने बेतावे, जिच्याकडे यंत्र आहे तिने शिवावे, जिची नजर बारीक तिने चेहरा करावा. आणि शेवटची तपासणी करणारी बाई शिवणाऱ्यांहून वेगळी असावी, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. प्रत्येक अस्वलाच्या शिवणीत कापडाची लहान पट्टी शिवून तीवर गटाचे नाव, गाव व ‘कोणत्या वयासाठी’ हे लिहावे. श्टाइफ मंडळींच्या बटणाचे काम ही पट्टी करील.

नियम व सोयी

खेळण्यांबाबत आपल्या देशात आता कायदा कडक झाला आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह असणे आवश्यक ठरले. मात्र केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयातील विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या मालास यातून सूट देण्यात आली आहे. तेव्हा विक्रीचा विचार असणाऱ्या भगिनींनी या खात्याचे कारागीर ओळखपत्र, ज्यास ‘पहचान’ कार्ड म्हणतात, त्यासाठी प्रथम अर्ज करावा. ही सूट निष्काळजीपणाचा परवाना नव्हे. कायद्याचा निरीक्षक आपल्या ओसरीवर येणार नाही. म्हणूनच आपली सचोटी तेथे हजर असली पाहिजे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणाऱ्यांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि कमी व्याजाचे कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस हा लाभ घेता येतो. आपले काम तीत बसते की नाही याची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या लोकसेवा केंद्रात करावी. दलालास पैसे देऊन अर्ज भरू नये. कर्जाची घाईही करू नये. दहा अस्वले रोख विकली गेल्यावाचून नवे यंत्र घेण्यासाठी ऋण काढणे शहाणपणाचे नव्हे.

मन खचू लागले तर

पहिले अस्वल वाकडे होतेच. ते फेकू नये, विकूही नये. फळीवर ठेवावे व त्याच्या पायावर तारीख लिहावी. दहावे अस्वल झाले की दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. आपण किती चाललो हे पाय थकले असता कळत नाही. मागे वळून पाहिले म्हणजे कळते. प्रत्येक अस्वलाबरोबर वहीत दोन ओळी लिहाव्यात : कापड कोणते, वेळ किती लागला, काय बिघडले. अशी वही ही चांगली गुरू असते.

घरातील माणसांसही आमचे दोन शब्द. माग बंद असता जो पुरुष ओट्यावर बसून असतो, त्याने सायंकाळी भरण पिंजून द्यावे, पुठ्ठे कापून द्यावेत, माल शहरात पोहोचवावा. ‘चिंध्यांशी काय खेळत बसलीस?’ हा एक प्रश्न जितकी अस्वले मारतो तितकी बाजारातील स्वस्ताई मारीत नाही. सासूबाईंनी गोधडीचा आपला टाका सुनेला शिकवावा. त्या टाक्याइतका चिवट टाका यंत्रालाही जमत नाही. मुलांनी टाचण्या मोजण्याचे काम घ्यावे. ती मोजण्यात पक्की असतात.

शाळा उघडण्याचे दिवस, दिवाळी व नाताळ हे विक्रीचे हंगाम. नाताळासाठी माल हवा असेल तर काम भाद्रपदातच हाती घ्यावे लागते. मार्गशीर्षात जागून केलेल्या अस्वलाचे डोळे तिरळे येतात. या पावसाळ्यात तीन अस्वले करण्याचा निश्चय करावा : एक शिकण्यासाठी, एक घरच्या मुलाच्या हाती देऊन महिनाभर ते कसे टिकते हे पाहण्यासाठी, आणि एक विकण्यासाठी. घरच्या मुलाने ज्याला ओढले, चावले, चिखलात लोळविले, आणि धुतल्यावर जे पुन्हा उभे राहिले, त्याच नमुन्याचे चौथे अस्वल शिवण्यास बसावे. मायेचा पाव इंच सोडण्यास मात्र विसरू नये.